यासीनभाई आणि मधला सुपरवायझर

यासीनभाई कॉम्प्युटरला 'साहेब' म्हणतो आणि प्रिंटरला अरे-तुरे करतो. चाकणला त्याचं फ्लेक्स छापायचं दुकान आहे. मशीन अडलं की तो प्रिंटरच्या पत्र्यावर थाप मारतो अन् विचारतो, "काय रे, युनियन केली काय?" कॉम्प्युटरला मात्र हात पुसल्याशिवाय शिवत नाही.

त्याचं म्हणणं, साहेब केबिनमध्ये बसून हुकूम सोडतो अन् कामगार खाली भलतंच करून ठेवतो. "पण दोघं बी खोटं बोलत नाहीत चाचा. मधे कुणीतरी सुपरवायझर असतो. त्याला धरायचा."

माझी बायको हौसा जाऊन वर्ष होत आलं होतं. दुसऱ्या दिवशी पुण्यस्मरणाचं कीर्तन होतं. कीर्तनकाराच्या मागं लावायला तिच्या फोटोचा फ्लेक्स हवा म्हणून मी गेलो. यासीनभाईनं फोटो पडद्यावर घेतला. सावळी, कपाळाला गोंदलेलं, हिरवं लुगडं. हौसाच ती. "मार प्रिंट," मी म्हणालो.

मशीनमधून आली ती दुसरीच बाई. गोरीपान, गाल गुलाबी. गोंदण पार पुसलेलं.

"ही कोण?"

"चाचीच हायत की."

"माझी बायको मला दाखवतो व्हय? रानात उन्हानं काळी झालेली बाई ती. ही साबणाच्या जाहिरातीतली दिसती. गाव म्हणंल, म्हाताऱ्यानं दुसरी केली!"

यासीनभाईनं पडद्यात डोकं घातलं. तिथं सावळी, इथं गोरी. फ्लेक्सचा रोल बदलला, तरी गोरीच. मग त्यानं पडद्यावरच फोटो काळपट केला, तर लुगडं काळं पडलं अन् तोंड जांभळं. सकाळी मांडव लागणार होता. त्या परक्या बाईपुढं मी हात जोडायचे कसे?

यासीनभाईचं प्रिंटरला शिव्या देणं पण थांबलं. त्यानं छपाईच्या सेटिंगची चौकट उघडली अन् एकेका ओळीवर बोट ठेवत पुटपुटत खाली गेला. एकदम कपाळावर हात मारला.

"सापडला सुपरवायझर! अन् कामाला मीच ठेवलेला!"

झालं होतं असं. त्याच्याकडं सगळे फ्लेक्स वाढदिवसाचे. येणारा प्रत्येक भाऊ अन् दादा सांगतो, "जरा उजळ कर रे." रोज कोण करत बसणार? म्हणून त्यानं प्रिंटरमध्येच 'उजळ' कायमचं लावून ठेवलं अन् विसरून गेला.

"रंग साहेबानं बघायचा का ह्या प्रिंटरनं, ते एकदाच ठरवायचं असतं चाचा. इथं दोघांनी बी बघितला. साहेबानं बरोबर दिला, ह्यानं वर पावडर लावली."

प्रिंटरमधली 'उजळ'ची खूण त्यानं काढली. रंग साहेबाकडं सोपवला, फोटो होता तसा केला अन् आधी नुसता तोंडाचा तुकडा छापायला सोडला.

पट्टी हळूहळू बाहेर आली. आधी केस, मग गोंदण, मग डोळे. सावळी.

"ही माझी," मी म्हणालो.

यासीनभाईनं प्रिंटरच्या पाठीवरून हात फिरवला. "माफ कर रे बाबा. तुझ्यावर उगाच आळ घेतला."

पुरा फ्लेक्स छापून झाला. मी गुंडाळी करून उठलो.

"शाई वाळू द्या की," तो म्हणाला.

मी कड चाचपली. कोरडी ठणठणीत. त्यानं ते बघितलं अन् मान खाली घातली.

"दिवसभर तोंडं छापतो चाचा, बोलत कुणी नाय. गाडीवरूनच पेनड्राइव्ह देतात, हॉर्न मारून घेऊन जातात." मग स्टूल पुसून माझ्याकडं सरकवलं. "चाची बोलायला कशा होत्या?"

वर्षात मला हे कुणी विचारलं नव्हतं.

"लई फटकळ," मी म्हणालो, अन् गुंडाळी मांडीवर घेऊन बसलो.