खेकडेमहाराजांनी धूर घटवला

एका जंगलात... बाळांनो, जंगल आपलं गोष्टीपुरतं म्हणायचं. होतं ते एक बेट. चारी बाजूंनी समुद्र, मधे माड आणि करवंदीच्या जाळ्या. ज्यांचे दात दुधाचे आहेत त्यांनी पुढं बसा. ज्यांचे सगळे पडलेत त्यांनी माझ्याशेजारी.

तिथं खेकडेमहाराज राज्य करत. ते तिरके चालत आणि तसं कबूलही करत. आपण नुसते चालतो.

एकदा गोदी कासवीण रडत दरबारात आली.

"महाराज, भरतीचं पाणी वर वर चढतंय. औंदा माझी सगळी अंडी वाहून गेली. पुढच्या खेपेला तरी माझी वाळू राखा. मला दुसरीकडं अंडी घालता येत नाहीत हो!"

"रडू नको, गोदे. समुद्राला बांध घालू. हा राजाचा शब्द!"

शब्द होता, दगड नव्हते. दगड पलीकडच्या मोठ्या किनाऱ्यावर. तिथून बगळेसाहेब आले आणि एका पायावर उभे राहिले.

"समुद्र का चढतो? जगभरच्या गाड्याबोटींच्या धुरानं. त्यातला कार्बन डोळ्यांना दिसत नाही, पण आम्ही मोजतो. जे राज्य आपला धूर निम्मा करील, त्याला दगड फुकट."

मोजणी झाली. माकडं झाडावरून ये-जा करत. बकरी पायी. अख्ख्या बेटावर धूर काढणारी वस्तू एकच, धाकू पाणमांजराची मीठ-मिरची आणणारी इंजिनाची होडी.

"हिचा धूर निम्मा करा," साहेब म्हणाले.

"म्हणजे अर्ध्या वाटेत इंजिन बंद करू?" धाकू म्हणाला. "आणि पुढं? साहेब ढकलणार?"

"मग घट कुठून दाखवणार? तुमच्याकडं कमी करण्यासारखं काहीच नाही. फारच मागासलेले बुवा तुम्ही!"

महाराजांना लाज वाटली. लाजेपाठोपाठ अक्कल सुचली. अशी अक्कल जरा निवू द्यावी. मी कधी देत नाही, महाराजांनीही दिली नाही.

"धाकू, गाड्या आण! यंदा धूर वाढवू, पुढल्या साली कमी करू!"

गाड्या आल्या. बेट ते केवढं? या टोकाला शिंकलं तर त्या टोकाचे 'शतंजीव' म्हणत. पण सगळे गाडीनं हिंडू लागले. बकरी खुंट्यापासून गवतापर्यंत गाडीनं जाई. माकडं टपावर बसून उगीच हॉर्न वाजवत. महाराज मात्र पहिल्याच फेरीत ओकले.

"काय झालं, महाराज?"

"अरे, ही सरळ जाते!"

बगळेसाहेबांनी तो वाढलेला धूर मोजून लिहून ठेवला. वर्ष सरलं, गाड्या माडाखाली उभ्या राहिल्या. साहेबांनी पुन्हा धूर मोजला आणि हर्षानं पाय बदलला.

"वा! एवढी घट पुढारलेल्यांनाही जमली नाही!"

दगड आले. किनाऱ्याला या टोकापासून त्या टोकापर्यंत उंच बांध झाला. महाराजांच्या गळ्यात हार पडला, तोही तिरकाच.

मग गोदी आली. पोटात अंडी, समोर बांध.

"शब्द पाळलात हो, महाराज," ती पाण्यातून म्हणाली.

"मग! वाळूचा कण हलला नाही."

"पण मी आत कुठून येऊ?"

सगळे बांधाकडं बघत राहिले. बांध कुणाकडंच बघेना.

"अहो, बघता काय! माझी अंडी पाण्यात पडतील!"

धाकूनं तिला होडीत ओढलं आणि बांधाच्या टोकाच्या उंच धक्क्यावर आणलं. माकडांनी ढकलून एक गाडी चालू केली. भसाभसा धूर निघाला. गोदी मागच्या सीटवर बसून वाळूपर्यंत गेली आणि निवांत अंडी घातली.

बांधावर झोपलेल्या बगळेसाहेबांनी एक डोळा उघडला.

"धूर! घट मोडली! दगड परत करा!"

"न्या की," महाराज म्हणाले. "फक्त एक सांगा, साहेब. एवढे दगड न्यायला बोटीच्या खेपा किती? आणि तो धूर कुणाच्या नावावर?"

साहेबांनी डोळा मिटला. दुसरा पायही वर घेतला असता, पण पडले असते.

वाळूतून गोदीची हाक आली, "महाराज, पिल्लं निघाली की त्यांना समुद्रावर सोडायला गाडी पाठवा हं!"

तात्पर्य: जो मुळातच बिघडलेला नाही, त्याला सुधारल्याचं बक्षीस मिळत नाही. म्हणून बाळांनो, आधी नीट बिघडा. मी आजपासून विड्या दुप्पट केल्या आहेत. पुढच्या महिन्यात निम्म्या करीन, तेव्हा हार घेऊन या.