लॉरन बंदरातलं ते एक मत

कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या केप लॉरन या प्रांतिक मतदारसंघात १९४९पासून एकोणीस निवडणुका झाल्या. निकाल मात्र एकदाच लागला. पहिल्या खेपेला जुना पक्ष निवडून आला आणि पुढच्या अठरा खेपांना मतदारांनी तोच निकाल कायम केला. नवा पक्षही आहे. त्याला स्थापन होऊन साठ वर्षं झाली, पण आमच्याकडे त्याला अजून नवाच म्हणतात. इथे माणूस आडनाव, नाक आणि पक्ष घेऊनच जन्माला येतो.

आमचं लॉरन बंदर खाडीच्या या तीरावर, हॉस्पिटल त्या तीरावर आणि मध्ये सरकारी फेरीबोट. पुलाचं आश्वासन पहिल्या निवडणुकीपासून आहे. दर निवडणुकीआधी सर्वेक्षण पथक येतं, खाडीची रुंदी मोजतं आणि ती बदललेली नसल्याचा अहवाल देतं.

गेल्या मार्चमध्ये बोट बर्फात अडकली आणि मर्डीना गिलिसची नात बोटीतच जन्मली. मर्डीनाने चौतीस वर्षं गावचं पोस्ट सांभाळलेलं, त्यामुळे जन्मनोंदणीचा अर्ज तिने बिनचूक भरला. तो परत आला. जन्मस्थळ म्हणून 'फेरीबोट' चालत नव्हतं. अलीकडच्या जिल्ह्याने कळवलं की बोट निघाली होती. पलीकडच्याने कळवलं की ती पोचली नव्हती. सबब, बाळ कागदोपत्री अद्याप जन्माच्या मार्गावर होतं.

मर्डीनाने अख्ख्या गावाला स्वयंपाकघरात चहाला बोलावलं.

"जुना पक्ष पूल देत नाही, कारण आपण त्यांचेच. नवा देत नाही, कारण आपण त्यांचे कधी होणारच नाही," ती म्हणाली. "घरच्या बायकोला फुलं कोण आणतो? एकदा, फक्त एकदाच, दुसऱ्याकडे बघून हसायचं. बघा कसे धावत येतात!"

"माझा बाप थडग्यात कूस बदलेल गं," समुद्रातली शेवंडं पकडणारा अल्फोन्स थेरियो म्हणाला.

"बदलू दे की. पंचवीस वर्षं एकाच कुशीवर पडलाय बिचारा."

सगळ्यांनी छातीवर हात ठेवून शब्द दिला. मीही दिला. मी निवृत्त शाळामास्तर. गावच्या मतदान केंद्राचं काम दर वेळी माझ्याकडेच असतं. बंडाची बातमी आठवड्यात मतदारसंघभर पसरली.

आमचे आमदार लॉकी मॅकफी आमच्याच गावचे, जुन्या पक्षातर्फे एकतीस वर्षं निवडून येत होते. ते प्रचाराला मर्डीनाच्या दारी आले. दोघं शाळेत एका बाकावरचे.

"लॉकी, या खेपेला तुला नाही हं," तिने तोंडावर सांगितलं.

"नक्की ना?" लॉकीने विचारलं. "सगळं गाव?"

"सगळं."

त्यावर लॉकीने ओटची आणखी दोन बिस्किटं मागून घेतली.

मतदान अग्निशमन बंबाच्या शेडमध्ये झालं. पुठ्ठ्याच्या आडोशामागून बाहेर पडणारा प्रत्येक जण मर्डीनाकडे बघून डोळा मिचकावत होता. एकशे नव्वद मतं पडली. तेवढी पूर्वी कधीच पडली नव्हती. संध्याकाळी मी सर्वांसमक्ष मोजली. जुना पक्ष, एकशे एकोणनव्वद. नवा पक्ष, एक. बाकीच्या गावांतही लॉकीची मतं वाढलीच होती.

अल्फोन्स उठला.

"ते एक माझं," तो छाती पुढे काढून म्हणाला.

"तुझं? हॅट! ते माझं!" त्याची मेहुणी ओरडली.

दहा मिनिटांत त्या मताला चाळीस मालक झाले. आठवडाभरात गावात एकशे नव्वद बंडखोर होते आणि प्रत्येक जण उरलेल्या एकशे एकोणनव्वद गद्दारांशी बोलेनासा झाला होता.

रविवारी दुपारी मर्डीना माझ्याकडे आली. डोळे सुजलेले.

"मास्तर, ते माझं नव्हतं हो. पेन्सिल हातात घेतली आणि आईची आठवण झाली. हात आपोआप जुन्याकडेच गेला. तुम्ही मात्र शब्द पाळलात."

मीही नव्हता पाळला. मी कबूल केलं, "मला वाटलं, सगळे विरोधात देणारच आहेत. एखादं मत तरी लॉकीला पडावं. माणुसकी म्हणून."

"म्हणजे माणुसकीच झाली एकशे एकोणनव्वद?"

तेवढ्यात लॉकी आले आणि विजयाचा हार अजून गळ्यात असल्यासारखे वाकून खुर्चीत बसले.

"ते मत माझं होतं," ते म्हणाले. "गुडघे गेले. राजधानीत जाऊन झोपायचा कंटाळा आलाय. दर खेपेला हरायची वाट बघतो."

"अरे, मग राजीनामा द्यायचास!"

"राजीनाम्याला कारण द्यावं लागतं, मर्डीना. निवडून यायला लागत नाही."

"आणि पूल? तो कधी मागितलास?"

"एकतीस वेळा. दर वर्षी मंत्री विचारतात, लॉकी, तुझ्याकडे कुणाची तक्रार दिसत नाही रे?"

मर्डीनाने कोट चढवला. चर्चच्या सभागृहात गावजेवण होतं. ते मत कुणाचं, हे तिथे सगळ्यांसमोर सांगून टाकायचं ठरलं. आम्ही तिघं गेलो. ती व्यासपीठावर चढली आणि खाली बघत राहिली. माशाच्या सूपसमोर एकेक जण ताठ मानेने बसला होता. अल्फोन्स तर या आठवड्यात दोन इंच उंच झाला होता. नातीला मांडीवर घेऊन बसलेली मर्डीनाची लेक शेजारणीला म्हणत होती, "मी एकटीनेच दिलं हो, पोरीसाठी."

मर्डीना खाली उतरली.

"काय झालं?" मी विचारलं.

"कुणाकुणाकडून काढून घेऊ, मास्तर?"

पुढच्या महिन्यात सरकारचं पत्र आलं. लॉरन बंदरातल्या एका विरोधी मतातून दिसलेल्या तीव्र असंतोषाची शासनाने गंभीर दखल घेतली होती. आमचा एकही माणूस चकित झाला नाही. हे आपल्यामुळेच झालं, हे प्रत्येकाला ठाऊक होतं.

मतदान गुप्त असतं ते हुकूमशहांपासून मतदाराचं रक्षण व्हावं म्हणून, असं मी शाळेत पोरांना तीस वर्षं शिकवलं. आता मला वाटतं, ते मतदाराचं शेजाऱ्यांपासून रक्षण व्हावं म्हणून असतं. तुम्ही हसताय, हसा. तुम्ही मागच्या खेपेला कुणाला मत दिलंत ते मी विचारत नाही. कुणाला दिलं म्हणून सांगताय, तेवढंच सांगा.