गर्दी काही केल्या पेटेना

“गर्दीचं माझ्यावर सोडा, सर! अशी पेटवते की बघत राहाल!” साहित्याच्या बाईंनी मुख्याध्यापकांना छातीठोकपणे सांगितलं. सांगणं भागच होतं. नाटक पडलं तर साहित्याचा तास बंद आणि त्या जागी टायपिंग!

नाटक म्हणजे जुनी शोकांतिका. राजाचा खून होतो आणि भर चौकात दोन भाषणं होतात. खुनी सरदार शांतपणे कारणं देतो; लोक माना डोलावतात. मग राजाचा मित्र येतो, हुंदके देतो, राजाचा रक्ताळलेला अंगरखा दाखवतो; लोक पेटतात आणि सरदाराला नगराबाहेर हाकलतात. गर्दी म्हणजे अख्खी नववी. बाईंनी महिनाभर दोन्ही भाषणांची अशी चिरफाड केली, की मुलं झोपेतही बडबडायची, “इथे कारण, इथे नुसता प्रश्न, इथे मुद्दाम थांबणं!”

प्रयोगाला सभागृह खच्चून भरलं. सरदार बोलला, गर्दीने माना डोलावल्या. विंगेत बाई फक्त उड्या मारायच्या बाकी होत्या! मित्र आला. हुंदका देऊन थांबला.

“मुद्दाम थांबलाय बघ,” गर्दीतला चष्मिस म्हणाला.

“आता अंगरखा काढणार!” ढोल्या ओरडला. आणि निघालाच की अंगरखा!

“पुरावा कुठाय? नुसतं रडून काय होतंय?” मागून तिसऱ्याने विचारलं.

प्रेक्षक खो खो हसायला लागले. मित्राने घाबरून दुप्पट मोठा हुंदका दिला. पण गर्दी ओल्या सरपणासारखी! कितीही फुंका, पेटेचना!

“अरे, पेटा रे!” बाई विंगेतून कुजबुजल्या.

“बाई, पटलंच नाही तर पेटायचं कसं?”

मग मात्र बाईंचा धीर सुटला. त्या थेट रंगमंचावर धावल्या. “लेकरांनो, माझा तास जाईल रे!” आणि त्यांना खरंखुरं रडू फुटलं.

गर्दी चपापली. “बाईंना रडवलं कुणी?”

“ह्यानेच! ह्याला धड भाषण करता येत नाही म्हणून!”

आणि चाळीस जणांनी मिळून मित्रालाच नगराबाहेर, म्हणजे व्हरांड्यात, हाकललं! मागे उरला एकटा खुनी सरदार. त्याने वाकून नमस्कार केला. पडदा!

बाई मान खाली घालून मुख्याध्यापकांपुढे उभ्या राहिल्या. “सर, टायपिंग कधीपासून?”

“छे हो! इतकं पक्कं शिकवता तुम्ही! तास चालूच राहणार.” त्यांनी खिशातून घडी केलेले चार कागद काढले आणि कपाळावरचा घाम पुसला. “फक्त आता समारोपाचं भाषण माझं आहे. तेवढी ती गर्दी आधी घरी पाठवा!”