विमानाची फट आणि बैठकीतली भेग

दोन गोष्टी जोडल्या की मध्ये फट राहतेच, आणि ती बुजवणं हे सुज्ञ माणसाचं पहिलं कर्तव्य आहे. वसमतचे वैजनाथराव हे कर्तव्य ओसरीत बसून पार पाडत. नोकरी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर. घरी प्लास्टिकची विमानं जोडायची. विमानाचे दोन अर्धे चिकटवले की सांध्यावर केसाएवढी फट राही. ती पुट्टीने भरायची, पॉलिश पेपरने घासायची. घासताना कंपनीने प्लास्टिकवर कोरलेल्या, पत्र्यांचे सांधे दाखवणाऱ्या रेघाही पुसल्या जात. मग खऱ्या विमानाचा फोटो समोर ठेवून त्या सुईने पुन्हा कोरायच्या. (होतं ते घालवून तेच परत आणायचं. सरकारात याला विकास म्हणतात.)

बैठकीच्या भिंतीत मात्र छतापासून कोनाड्यापर्यंत बोट जाईल अशी भेग होती. तिच्यात मुंग्यांच्या पिढ्या सुखाने नांदल्या.

हिंगोली जिल्हा झाला त्या वर्षी लेकीला, प्रतिक्षाला, बघायला औंढ्याचे पाहुणे यायचे ठरले. तिच्या आईचा, गोजरबाईंचा, जीव या स्थळात अडकला होता.

"इमानाची फट दिसती, भिंतीची काहून दिसत न्हाई तुमाला?"

"तू कधी बराबर सांगितलंच न्हाई."

वैजनाथरावांनी भेग भरली, घासली. भिंत आरशासारखी झाली. गोजरबाई निर्धास्तपणे बाजाराला गेल्या.

पण अर्धवट काम वैजनाथरावांच्या स्वभावात नव्हतं. घासून पुसलं ते फोटो बघून परत कोरायचं, हा नियम. प्रतिक्षाने दहावीच्या पेढ्यांच्या वेळचा फोटो काढून दिला. त्यात ती होती, पेढे होते, मागे भिंत होती आणि भिंतीवर भेग.

"बाबा, कोनाड्यापाशी ती जरा डावीकडं वळती," वैजनाथराव सुईने भेग कोरत असताना तिने मदतही केली.

गोजरबाई परतल्या तेव्हा पाहुणे दारातच होते. मुलाचे वडील रामकिशनराव पोहे संपेपर्यंत मुलीकडे न बघता भिंतीकडे बघत राहिले. "पाया खचून राहिला वाटतं," एवढं बोलून मंडळी उठली.

गोजरबाईंनी भेगेत बोट घालून पाहिलं. नखसुद्धा पुरतं शिरेना.

"खोटी हाय का ही?"

"खोटी कशी? फोटो बघ की."

आत प्रतिक्षा परभणीच्या कॉलेजला जायची बॅग भरत होती.

गोजरबाईंनी भेगेवर कॅलेंडर टांगलं. हसलात, ठीक आहे. तुमच्या बैठकीतलं कॅलेंडर भलत्याच जागी का आहे, हे पाहुण्यांनी कधी विचारलं नाही. तुम्ही चहा सांगायला आत गेलात, तेव्हाच त्यांनी ते उचलून पाहिलंय.