डोंबिवली ते कल्याण, व्हाया इंटरनेट

तुम्हाला म्हणून सांगते, यंत्रं मला घाबरतात! ठाण्याला आमच्या कचेरीत प्रिंटर अडला की साहेब आधी मेकॅनिकला फोन करत नाहीत, मला हाक मारतात. मी जाते, झाकण उघडते, आत फुंकर घालते आणि कुशीत एक चापट देते. प्रिंटर निमूटपणे कागद सोडायला लागतो. आमच्या मिक्सरने, इस्त्रीने आणि नवऱ्याच्या स्कूटरनेही माझा हात ओळखलेला आहे. त्यामुळे शुक्रवारी संध्याकाळी माझा भाऊ सुदेश फोनवर म्हणाला, "ताई, तुला नाही जमायचं ते," तेव्हा माझं डोकंच सटकलं.

विषय होता आईचा. म्हणजे आईच्या चकल्यांचा. आमची आई वर्षातले सहा महिने माझ्याकडे डोंबिवलीला असते आणि सहा महिने सुदेशकडे कल्याणला. दिवाळी ज्याच्या वाट्याला, चकल्या त्याच्या. गेली दोन वर्षं दिवाळी कल्याणला गेलेली. यंदा आई माझ्याकडे होती आणि मी काही तिला सोडणार नव्हते.

"टॉस करू या," सुदेश म्हणाला.

"तुझ्या नाण्यावर माझा विश्वास नाही."

"मग रेस! तुझ्याकडे तो जुना गेमचा कन्सोल आहे ना? माझ्याकडेही सेम आहे. नेटवरून खेळू. जिंकेल त्याची आई."

हा कन्सोल म्हणजे आमच्या लग्नाआधीची गंमत. गाड्यांच्या शर्यतीचा तो गेम आम्ही भावंडं माहेरच्या टीव्हीवर तासन्‌तास खेळायचो. लग्नानंतर मी तो सोबत घेऊन आले, म्हणून सुद्याने रडून रडून तसाच दुसरा घेतलेला.

"पण तो नेटला लावावा लागेल," सुद्या हसत म्हणाला. "तुला नाही जमायचं ते."

"रविवारी सकाळी अकरा वाजता!" मी ओरडले. "हरायची तयारी ठेव!"

विनीत, म्हणजे माझा नवरा, सोफ्यावर शेंगदाणे खात होता. तो शांतपणे म्हणाला, "सोनल, कल्याण इथून रिक्षाने वीस मिनिटांवर आहे. कन्सोल पिशवीत घाल, जा, खेळून ये."

"मुद्दा तो नाहीये," मी म्हटलं.

"मग काय आहे?"

मुद्दा काय आहे हे विनीतला सांगत बसले असते, तर दिवाळी उलटून गेली असती.

शनिवारी सकाळी मी माळ्यावरून कन्सोल काढला. धूळ इतकी होती की वांग्याचं रोप लावलं असतं तर आलं असतं. पुसला, टीव्हीला जोडला, चालू केला. आतला पंखा विमान उडाल्यासारखा घरघरला.

"हा व्हीसीआर अजून आहे होय?" आई म्हणाली.

"व्हीसीआर नाही गं, गेम आहे."

"तेच ते," म्हणत आई देवपूजेला गेली.

मी वायफाय शोधायला लावलं. यादीत अख्ख्या बिल्डिंगची नावं आली, आमचं काही येईना! फुंकर घातली. चापट दिली. शेवटी स्वाभिमान गिळून आमच्या नेटवाल्या पोपटरावांना फोन लावला.

"मॅडम, तुमचा डबा म्हातारा, आपला राऊटर तरुण," पोपटराव म्हणाले. "नव्या पद्धतीचा पासवर्ड त्या म्हाताऱ्याला झेपत नाही. असं करा, राऊटरमध्ये पाहुण्यांसाठी वेगळं नेटवर्क काढता येतं, ते काढा. पासवर्ड ठेवूच नका. डबा लागतो का बघा, आणि पाच मिनिटांत बंद करा. विसरू नका हां! उघडं नेट म्हणजे उघडं दार."

पाच मिनिटं! त्यात काय विसरायचंय?

मी मोबाइलवर राऊटरची सेटिंग उघडली. पाहुण्यांच्या नेटवर्कला नाव हवं होतं. यादीत चटकन दिसावं म्हणून ‘सी विंग ३०४ सोनल’ असं इंग्रजीत लिहायला घेतलं. ‘सी विंग’पर्यंत पोचले आणि किचनमधून दूध उतू गेल्याचा वास आला. मी ‘सेव्ह’ दाबलं आणि पळाले.

गॅस पुसून परत येते तर काय, कन्सोल जोडला गेलेला! मी सोफ्यावरून उडीच मारली. मग पडद्यावर पाटी आली: ‘नवीन अपडेट आवश्यक आहे. उरलेला वेळ: नऊ तास.’

खाली एक निळी पट्टी होती. मुंगी साखरेचं पोतं ओढत असावी तशी ती सरकत होती. आता नेट बंद करावं तर अपडेट अर्धवट राहणार. म्हटलं, राहू दे आजचा दिवस. कोणाला कळतंय?

दुपारी दीडला सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज पडला. पहिल्या मजल्यावरच्या आर्थर अंकलचा. रिटायर झाल्यापासून अंकल दिवसभर फुटबॉल बघतात. त्यांनी लिहिलेलं: ‘सी विंगला फ्री वायफाय दिल्याबद्दल सेक्रेटरीसाहेबांचे अभिनंदन! एकदम झकास चालतंय.’

माझ्या हातातला घास हातातच राहिला.

लगेच सतरा अंगठे, नऊ फुलं आणि चार गणपती पडले. आमचे सेक्रेटरी चांगदेवकाका. त्यांनी आजवर काय केलं, तर लिफ्टमध्ये ‘थुंकू नये’ लिहून घेतलं. त्यांना वाटलं असणार, आपण कधीतरी कुठेतरी दिलेला अर्ज मंजूर झाला. पाच मिनिटांनी उत्तर आलं: ‘रहिवाशांची सेवा हेच आमचे ध्येय. चांगदेव.’

"सांगून टाक," विनीत म्हणाला.

"अपडेट झालं की बंद करते, आपोआप मिटेल."

"किती झालंय?"

"अकरा टक्के."

"सकाळपासून?"

"लोक फुटबॉल बघतायत रे!"

संध्याकाळी बी विंग पेटली. तिथल्या क्षिप्रा वकीलबाईंनी ग्रुपवर दीड पानांचा मजकूर टाकला. त्यात ‘सापत्न वागणूक’ तीनदा आणि ‘योग्य त्या मंचावर दाद’ दोनदा होतं. ‘सी विंगला वायफाय आणि बी विंगला काय? टाकीतलं पाणीही सगळ्यांत शेवटी आम्हालाच!’ लोकांनी पाण्यापासून पार्किंगपर्यंत सगळी जुनी भांडणं उकरून काढली. ए विंगवाल्यांनी विचारलं, ‘आम्ही या सोसायटीत आहोत ना?’ चांगदेवकाकांनी घाबरून जाहीर केलं: ‘रविवारी सकाळी साडेदहा वाजता पार्किंगमध्ये तातडीची सभा.’

साडेदहा! आणि अकराला माझी रेस!

रविवारी सकाळी पट्टी ब्याण्णव टक्क्यांवर होती. मी आईला म्हटलं, "टीव्ही बंद करू नकोस हां, आणि त्या डब्याला हात लावू नकोस." आई मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेली. "बरं," म्हणाली. मी खाली गेले आणि सभेत मागे, आर्थर अंकलच्या पाठीआड उभी राहिले. अंकल चांगले रुंद आहेत.

चांगदेवकाका बोलत होते, "ही योजना टप्प्याटप्प्याने सर्व विंगना..."

"यंत्र कुठे बसवलंय?" क्षिप्राबाईंनी मध्येच विचारलं.

"योग्य त्या ठिकाणी."

"म्हणजे कुठे?"

"सुरक्षेच्या कारणास्तव सांगता येत नाही," काका घाम पुसत म्हणाले. त्या बिचाऱ्याला माहीत असतं तर त्याने सांगितलं असतं हो!

"मी शोधते!" क्षिप्राबाईंनी मोबाइल आरतीच्या ताटासारखा समोर धरला. "सिग्नल जिथे फुल, तिथे यंत्र. चला!"

आणि मिरवणूक निघाली. पुढे क्षिप्राबाई, मागे बी विंग, त्यांच्यामागे काका आणि सगळ्यांत शेवटी मी. पहिल्या मजल्यावर दोन दांड्या. दुसऱ्यावर तीन. जिन्यात कोणीतरी म्हणालं, "वाढतंय, वाढतंय!" मी एकेक पायरी मागे राहत होते. तिसऱ्या मजल्यावर क्षिप्राबाई लिफ्टकडे वळल्या, एक दांडी गेली. परत फिरल्या. तीनशे दोन. तीनशे तीन. तीनशे चारसमोर थांबल्या.

"फुल!"

पंचवीस जणांनी मागे वळून माझ्याकडे बघितलं. दारातून कन्सोलच्या पंख्याची घरघर बाहेर येत होती.

तेवढ्यात आईने दार उघडलं. "अगंबाई, एवढी माणसं! या ना. चहा टाकू?"

आमच्या हॉलमध्ये सहा माणसं बसतात, सातवं उभं राहतं. त्यात पंचवीस शिरले. मी सगळं कबूल केलं. पैज, चकल्या, पोपटराव, उतू गेलेलं दूध, सगळं! मला वाटलं, आता क्षिप्राबाई मला योग्य त्या मंचावर नेणार. पण कोणी माझ्याकडे बघतच नव्हतं. सगळ्यांचे डोळे टीव्हीकडे. पट्टी सत्त्याण्णववर होती.

"हे भरलं की रेस?" क्षिप्राबाईंनी विचारलं.

"हो. भावाबरोबर. अकराला."

घड्याळात दहा पन्नास.

"सगळ्यांनी मोबाइलचं नेट बंद करा!" क्षिप्राबाई कडाडल्या. "बाई एकटी लढतेय आणि तुम्ही काय बघताय? अंकल, तुम्ही पण!"

"पेनल्टी आहे गं पोरी..."

"अंकल!"

अंकलनी मोबाइल खिशात घातला. आणि खरंच पट्टी पळायला लागली! अठ्ठ्याण्णव! नव्व्याण्णव! बी विंग आणि सी विंग खांद्याला खांदा लावून मोजत होत्या. शंभरला टाळ्या पडल्या. चांगदेवकाकांनी विनीतशी हात मिळवला, कशासाठी ते दोघांनाही माहीत नसावं.

दहा सत्तावन्न. मी कंट्रोलर हातात घेतला, गेम चालू केला, ‘ऑनलाइन’वर गेले आणि बटण दाबलं. चक्र फिरलं. पडद्यावर इंग्रजीत चार ओळी आल्या. क्षिप्राबाईंनी त्या कोर्टात निकाल वाचावा तशा मराठीत सांगितल्या.

"या खेळाची ऑनलाइन सेवा बंद करण्यात आली आहे. दहा वर्षं झाली. आपल्या साथीबद्दल आभार."

मी दात-ओठ खात सुद्याला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"सुद्या, सेवा बंद आहे!"

"ताई, तू एवढ्यापर्यंत पोचलीस?" तो गडबडला. "खरंच नेटला लावलास?"

"लावला! तुझ्याकडेही बंदच दाखवतंय ना?"

"ताई, रागावू नकोस. मी माझा कन्सोल कधीच विकून टाकला. मला वाटलं, तुला जमणारच नाही, मग आई आपसूक इकडे."

हॉलमधून "अरेरे!" असा आवाज उठला.

"तिथे कोण आहे?" सुद्याने घाबरून विचारलं.

"सोसायटी!" मी म्हटलं. "रिक्षा पकड आणि ये. आत्ताच्या आत्ता!"

चांगदेवकाकांनी घसा खाकरला. "तर मंडळी, ही प्रायोगिक योजना होती आणि ती यशस्वीपणे समाप्त झालेली आहे." मी त्यांच्या देखत पाहुण्यांचं नेटवर्क बंद केलं. गर्दी हळूहळू पांगली. जाताना क्षिप्राबाई माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "फसवणुकीची केस होते यावर. सांगा कधीही." आर्थर अंकल मात्र चहासाठी थांबले.

बरोब्बर पंचवीस मिनिटांनी सुद्या दारात. हातात कल्याणच्या जिलेबीचा पुडा, चेहरा बारावी नापास झालेल्या मुलासारखा. मी दुसरा कंट्रोलर त्याच्या अंगावर फेकला. एका सोफ्यावर, एका टीव्हीसमोर, दोघं खेळलो. पहिल्याच वळणावर मी त्याला ढकलून दिलं, त्याने मला ढकललं, मी त्याला चिमटा काढला, तो "आई, बघ ना!" म्हणून ओरडला. तो बेचाळीस वर्षांचा आहे. मी चव्वेचाळीस. शेवटच्या फेरीत माझी गाडी त्याच्या पुढे अगदी नाकभर पोचली आणि मी जिंकले! जिंकले! मी सोफ्यावर उभी राहिले.

"आई, दिवाळी इकडे! चकल्या माझ्या!"

आई किचनमधून हात पुसत आली. "कसली दिवाळी?"

"या दिवाळीला तू माझ्याकडे. मी पैज जिंकले!"

"मला कोणी विचारलं?" आई म्हणाली. "मी दिवाळीला केरळला चाललेय. आठ दिवस. मी आणि ज्युलियाना."

आर्थर अंकलच्या बशीतला चहा सांडला. "ज्युलियाना? माझी बायको? मला नाय बोलली ती!"

"तुम्ही फुटबॉल बघत होतात," आई म्हणाली. "काल ते सी विंगचं नेट लागलं ना, त्यावर आम्ही दोघींनी सगळं बघितलं आणि बुकिंग पण करून टाकलं. विनीतरावांचा तो पासवर्ड माझ्याच्याने कधी लिहिला गेला नसता. याला काही लिहावंच लागलं नाही. किती सोपं!"

मी सोफ्यावरून खाली उतरले. सुद्याने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे.

"आणि चकल्या?" आम्ही दोघं एकदम म्हणालो.

आईने जिलेबीचा तुकडा तोंडात टाकला.

"दोघांच्या घरी इंटरनेट आहे ना? बघा आणि करा."