केळुसकरबाईंची हजारो घरं

केळुसकरबाईंनी माझी ओळख करून घेतली ती लिफ्ट बंद पाडून.

आम्ही नोएडात नुकतेच राहायला आलो होतो. सेक्टरला नंबर मिळाला होता, रस्त्यांना दिवे मिळायचे होते, आणि बाजारात रोज कुठली ना कुठली परदेशी वस्तू येत होती. खाली गाडी लावायला जागा सापडली नाही म्हणून मी लिफ्टमध्ये पुटपुटलो, "हल्ली सगळ्यांकडे गाडी आलीय." शेजारी पांढऱ्या केसांच्या, सुती साडीवर कॅनव्हासचे बूट घातलेल्या एक बाई उभ्या होत्या. त्यांनी हात लांब करून लाल बटण दाबलं. दोन मजल्यांच्या मध्ये आम्ही लटकलो.

"सगळ्यांकडे म्हणजे कोणाकडे?"

"म्हणजे... बऱ्याच जणांकडे."

"बरेच म्हणजे कोण?"

"आपल्या सोसायटीतले," मी घाम पुसत म्हणालो.

"हां, असं बोला." लिफ्ट हलली. "संध्याकाळी चहाला या. तुमच्या समोरच राहते. बाकीचे दाखवते."

मला अपराधी वाटायला फारसं निमित्त लागत नाही. पेपरवाला उशिरा आला तरी माझंच काहीतरी चुकलं असं वाटतं. त्यामुळे मी गेलो.

'बाकीचे' जेवणाच्या टेबलावर होते. तिथे एक जुना कॉम्प्युटर होता आणि आत एक सीडी फिरत होती. सरकारची माणसं देशभर काही निवडक घरी जातात, काय खाल्लं, काय जाळलं, कोण कामाला जातं हे विचारतात. मग नावं काढून टाकून ती सगळी माहिती मागेल त्याला मिळते. बाईंनी दिल्लीतल्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं होतं. निवृत्त झाल्यावर लोक हरिद्वारला जातात, बाई एका सरकारी कचेरीत जाऊन ही सीडी घेऊन आल्या.

"एवढी मोठी वस्तू ठेवलीय आणि न्यायला कोणी येत नाही," त्या म्हणाल्या. "वर लोक म्हणतात, सरकार काही देत नाही!"

पडद्यावर नुसते आकडे होते, ओळीच्या ओळी. मला त्यातलं काही कळेना. बाईंनी एका ओळीवर बोट ठेवलं. "हे घर ओरिसातलं. माणूस एक. म्हातारी बाई. तांदूळ आहे, मीठ आहे, रॉकेल आहे. डाळ नाही. पण पान आहे बघा. डाळ सोडली, पान सोडलं नाही. शाब्बास!"

असं त्या शेजारच्या बिल्डिंगमधल्या कोणाबद्दल सांगावं तसं सांगायच्या. शिवाय त्यांचं गणित होतं. प्रत्येक ओळ ही एकाच घराची नसते, निवड न झालेल्या हजारो घरांच्या वतीने ती बोलते. "वकीलपत्र असतं तिच्याकडे," त्या म्हणायच्या. "म्हणून एकानं खोटं सांगितलं की हजारो घरं खोटी पडतात."

मी फ्रिज विकणाऱ्या कंपनीत होतो. माझ्या एका भाषणाची सुरुवात 'आज प्रत्येक भारतीय घराचं स्वप्न' अशी होती. ती मी मूर्खासारखी बाईंना वाचून दाखवली. त्यांनी मला बसवून एकामागून एक वीज नसलेली घरं दाखवली. ती मी मीटिंगमध्ये मांडली. साहेब म्हणाले, "यार पाटणकर, जिसके घर बिजली नहीं, वो हमारा कस्टमर ही नहीं. स्लाइड हटाओ." मी स्लाइड काढली. बाईंना सांगितलं तेव्हा त्या रागावल्या नाहीत. "स्लाइड निघाली, पाटणकर. घर कुठे जातंय?" एवढंच म्हणाल्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

रविवारी दिल्लीतल्या मुनिरक्याहून मराठी पोरं बाईंकडे शिकायला यायची. लातूर, परभणी, नंदुरबारची, कलेक्टर व्हायला दिल्लीत आलेली. एकजण मोठ्या जोरात म्हणाला, "मॅडम, ग्रामीण भागात स्त्रियांचा कामातला सहभाग कमी आहे."

"तुझी आई काय करते रे?"

"काही नाही, घरीच असते."

"म्हशीचं दूध कोण काढतं?"

"आईच."

"कापूस कोण वेचतं?"

"तीच."

"आणि विचारायला माणूस आला तेव्हा दारात कोण बोललं?"

"वडील," पोरगा हळूच म्हणाला.

"जा. एसटीडी बूथवर जा आणि आईला फोन लाव. मग सांग मला सहभाग."

बाईंचं असं उत्तम चाललं होतं. त्यांच्याबरोबर राहणारी थोरली बहीण वारली, त्यानंतर मात्र काही दिवस लिफ्ट कोणी मध्येच थांबवली नाही. माझ्या बायकोने, मीनाने, ताट पाठवायला सुरुवात केली. सुरुवातीला ताट परत यायचं ते साखर भरून. पुढे मीनाने ताट पाठवणं बंद केलं आणि म्हणाली, "बाई, इकडेच येत जा." तेव्हापासून बाई दोन्ही वेळा आमच्याकडे जेवतात. येताना स्वतःच्या दाराला कुलूप लावून येतात. दारं समोरासमोर आहेत, पण कुलूप लावतात.

आणि मग सरकारी पाहणी आमच्याच सोसायटीवर येऊन ठेपली.

बाईंना ते कळलं तेव्हा त्यांनी मला जिन्यात गाठलं. चेहरा लग्नघरासारखा. "इतकी वर्षं दुसऱ्यांची उत्तरं वाचली, पाटणकर. मला अजून एकदाही कोणी विचारलेलं नाही." दुसऱ्या दिवशी त्यांच्या टेबलावर वाण्याची बिलं, विजेचं बिल, औषधांच्या पावत्या, सगळं मिठाच्या बरणीखाली नीट लावून ठेवलेलं मी पाहिलं. परीक्षेला बसल्यासारखं.

पण आमचे सेक्रेटरी खन्नाजी. त्यांनी गेटवर पाटी लावली होती, 'सेल्समैन और सर्वेवाले अंदर न आएँ.' पाहणीवाले तिवारीजी, खांद्याला रेक्झिनची बॅग आणि कपाळाला घाम, चौकीदाराशी हुज्जत घालत उभे. ऑफिसला निघायची वेळ. बाई खाली आल्या.

"खन्नाजी, इन्हें अंदर आने दीजिए."

"मैडम, आप भोली हैं. आज पूछेंगे घी कितना खाते हो, कल इनकम टैक्सवाला आएगा."

"आप दरवाज़ा बंद करेंगे तो ये कहीं और जाएँगे. किताब में लिखा जाएगा कि इस देश में अमीर रहते ही नहीं."

"तो अच्छा है ना जी! नज़र नहीं लगेगी."

सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी चौकीदाराची प्लास्टिकची खुर्ची उचलली, गेटच्या बरोबर मधोमध ठेवली आणि बसल्या. कॅनव्हासचे बूट एकमेकांवर.

"अब कोई अंदर नहीं आएगा, तो कोई बाहर भी नहीं जाएगा."

मागे गाड्यांची रांग लागली. हॉर्न सुरू झाले. कोणी म्हणालं, "आंटीजी, मीटिंग है." कोणी म्हणालं, "मराठी लोग ऐसे ही होते हैं." बाई मागे वळून म्हणाल्या, "कितने मराठी देखे हैं आपने? गिनकर बताइए."

पहिली गाडी माझी होती. मला मीटिंग होती. मी काय करावं ते कळेना, म्हणून इंजिन बंद केलं आणि चावी खिशात टाकली. आयुष्यातलं माझं बंड ते एवढंच. पण माझी गाडी हलल्याशिवाय मागची एकही हलू शकत नव्हती, त्यामुळे ते चांगलं लागू पडलं. खन्नाजींनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग रांगेकडे पाहिलं. "छोड़ो यार, जाने दो," ते चौकीदाराला म्हणाले.

तिवारीजींनी आधी सगळ्या घरांची यादी केली, मग नियमाप्रमाणे त्यातली थोडी निवडली. बाई शेजारी उभ्या राहून निवड बरोबर होते की नाही ते तपासत होत्या. ती बरोबर होती. तिच्यात आमचं घर आलं. समोरचं आलं नाही.

"नियम आहे," बाई म्हणाल्या. घरी जाऊन त्यांनी मिठाची बरणी उचलून फडताळात ठेवली.

संध्याकाळी तिवारीजी आमच्याकडे बसले. बाई देखरेखीला होत्याच. मी तुपाचा आकडा थोडा कमी सांगितला तेव्हा त्यांनी नुसता चष्मा काढला. मी लगेच वाढवला.

"एक चूल्हे पर कितने लोग खाते हैं?" तिवारीजींनी विचारलं.

"चार," मी म्हणालो. आम्ही दोघं आणि दोन मुलं.

"बाबा, पाच ना!" आमची रेवा म्हणाली. ती दिल्लीचीच, तिचं मराठी असंच आहे. "आजी पण तर आपल्याकडेच खाते. बिल्कुल रोज."

मीना कणीक मळत होती. हात तसेच घेऊन ती बाहेर आली. "पाँच लिखिए, भैयाजी. इनका चूल्हा तो जलता ही नहीं."

तिवारीजी भला माणूस. त्यांनी पेन टेकवलं. "ठीक है माताजी, आप भी आ गईं."

बाईंच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं आणि गेलं. मग त्या म्हणाल्या, "चार. एक रसोई और एक साथ रहना, दोनों चाहिए. मैं खाती यहाँ हूँ, रहती वहाँ हूँ."

"मग राहा ना इकडे," मीना मराठीत म्हणाली. "अडवलंय कोणी?"

रेवाने बाईंचा पदर धरला होता, तो त्यांनी सोडवला नाही.

"मीना, तू म्हणालीस हे मी विसरणार नाही. पण मी तुमच्यात मोजली गेले, तर एकट्या राहणाऱ्या बायका तेवढ्याने कमी होतील. आधीच कोणाच्या ना कोणाच्या घरात आम्हाला कोंबून टाकतात. मुलीकडे असते, भावाकडे असते, शेजारी बघतात. मग आम्ही आहोत किती, ते कोणालाच कळत नाही." आणि तिवारीजींकडे वळून, अगदी वर्गातल्या आवाजात, "चार लिखिए."

त्यांनी चार लिहिलं. माझ्या मनात आलं, म्हणजे बाई आता कशातच नाहीत. मीना आत गेली आणि कणीक जरुरीपेक्षा जोरात तिंबू लागली.

चहा झाला. तिवारीजी बॅग आवरून उठले, तशा बाईही उठल्या.

"भैया, मेरे यहाँ थोड़ा बैठेंगे?"

"माताजी, आपका घर निकला नहीं ना. मैं लिख नहीं सकता."

"मालूम है. लिखिए मत. बस पूछिए."

तिवारीजींनी माझ्याकडे पाहिलं. मी काय सांगणार? ते समोर गेले. बाईंनी कुलूप काढलं, दिवा लावला, कॉम्प्युटर बाजूला सरकवून खुर्ची पुढे केली. दार लावलं नाही. मी आमच्या उंबऱ्यात उभा होतो, मला सगळं दिसत होतं.

तिवारीजींनी पेन खिशाला लावलं. छापील प्रश्न त्यांना पाठच होते. हात मांडीवर ठेवून त्यांनी सुरुवात केली.

"घर में कितने लोग हैं, माताजी?"

"एक."

"परिवार का मुखिया कौन है?"

बाईंनी पदर नीट केला, पाठ ताठ केली, आणि जिन्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"मैं."