चार पायांवरचं स्थळ

रूपचंद आत्राम सकाळी आठ वाजता जंगलातल्या पायवाटेवर रांगत होता, आणि ते त्याच्या नोकरीतलंच काम होतं. ताडोबाच्या बफरमध्ये, म्हणजे राखीव जंगलाभोवतीच्या पट्ट्यात, वाघ मोजायला वाटेच्या दोन्ही बाजूंना, गुडघ्याएवढ्या उंचीवर, झाडांना कॅमेरे बांधतात. फोटो नीट येतो का हे बघायला कुणीतरी वाघाच्या उंचीने समोरून जावं लागतं. वाघ काही त्या कामाला येत नाही, म्हणून वनरक्षक जातो.

त्या दिवशी त्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. "जंगलात कोण राहील?" म्हणून तीन मुलींनी नकार दिला होता, आणि आज चौथ्या स्थळाची माणसं घर पाहायला येणार होती. हेही हुकलं तर जन्मभर आत्याच्या हातची भाजी आणि वाघांचे फोटो! त्या तंद्रीत तो एकदाऐवजी तीनदा रांगला. मधे थांबून डावीउजवीकडे मानही वळवली.

मुलीचे वडील झिंगरूजी कोवे आणि काका नेमके जवळची वाट म्हणून तिकडूनच आले. त्यांनी ते पाहिलं मात्र, आल्या पावली मागे फिरले आणि लांबच्या रस्त्याने धापा टाकत रूपचंदच्या घरी पोचले.

"बाई, जंगलात एक खाकीवाला चार पायांवर चालत होता!" काका म्हणाले.

"आमचा रूपाच असंल तो," चहा देत आत्या कौतुकाने म्हणाली. "लई चांगला चालते."

झिंगरूजींची बशी कलंडली. "नेहमी करते असं?"

"हप्त्यातून दोनदा. सरकार पगार देते ना जी त्याचा!"

"आन् घरी?"

"घरी काहून करंल? घरी कॅमेरा कुठं हाय?"

आत्याने भाच्याची जितकी तारीफ केली तितके झिंगरूजी दाराकडे सरकत गेले. काकांनी शेजारच्या भगताला बोलावून आणलं. रूपचंद मातीने भरलेले गुडघे घेऊन दारात उभा राहिला, तेव्हा भगत पाच लिंबं घेऊन तयारच होता.

"अजी, मी तं..."

"थांब! बोलते कोण? तू का वाघोबा?" भगताने विचारलं.

रूपचंदने कपाळावर हात मारला. समजावून कुणी ऐकेना, तेव्हा तो सगळी वरात घेऊन पुन्हा जंगलात गेला. "हे पाहा, उभ्यानं गेलं तं निस्ते पाय येते. म्हणून रांगा लागते."

"हट तिकडं. मी पायतो," म्हणत झिंगरूजींनी धोतर खोचलं आणि ते कॅमेऱ्यासमोर रांगू लागले. रूपचंदही त्यांच्या मागोमाग रांगत निघाला.

"मामाजी, कंबर खाली!"

सासऱ्याला म्हणायचा शब्द लग्न ठरायच्या आधीच तोंडून निसटला. झिंगरूजी उठले, गुडघे झटकले. "येडा नाई तू, हे समजलं. पण हो म्हणाचं तं पोरगीच म्हणंल. तिले फोटो धाडजो."

रूपचंदने मुद्दाम चंद्रपूरला जाऊन निळ्या शर्टातला फोटो काढून घेतला. आठवड्याने तो घरी आला तर आत्या त्याचा मोबाइल हातात घेऊन बसलेली.

"धाडला रे फोटो कुसुमले."

"निळ्या शर्टातला?"

"त्यात तं तू आजारी दिसतं. तू कॅमेऱ्यातून मोबाइलवर घेतला तो जंगलातला धाडला. सोबत तिचा बापही हाय, तिले बरं वाटंल."

रूपचंदने मोबाइल ओढून घेतला. संपलं सगळं. एवढ्यात मोबाइल वाजला.

"कुसुम बोलतो मी. फोटोत पुढं बाबा हायेत ना जी?"

"हाव."

"आन् मागं तुम्ही?"

"हाव जी." त्याने डोळे मिटून घेतले. पलीकडे ती पोट धरून हसत असावी, कारण बराच वेळ दुसरं काही ऐकूच येईना.

"बाबाची कंबर लई वर हाय. वाघ असा चालते का?"

"नाई."

"तुमची चाल बरी हाय. म्या सांगतलं त्याईले, हो म्हणा म्हणून."

मागून झिंगरूजींचा आवाज आला, "पहिले तो फोटो मिटवाले सांग त्याले!"

पुढे रूपचंदने सासऱ्यांचा प्रत्येक शब्द झेलला, एवढा एक सोडून.